टाकीत काही ओतून ट्रकचं अ‍ॅव्हरेज वाढतं का?

ट्रकवाले चार जण जमले की हा विषय निघतोच. एक जण सांगतो, दर टाकीला अर्धा लिटर टू-स्ट्रोक ऑइल टाकतो, इंजिन कसं मऊ चालतं. दुसरा म्हणतो, ऑइल कशाला, अ‍ॅसिटोन टाक, दोन झाकणं पुरतात. तिसऱ्याचं रॉकेलचं माप ठरलेलं असतं. चौथ्याची भिस्त डांबरगोळ्यांवर. यातलं कुणी थापा मारत नसतं. प्रत्येकाने आपल्या गाडीत करून पाहिलेलं असतं, वहीत किलोमीटर आणि लिटर लिहिलेले असतात आणि आकडा खरोखरच वाढलेला दिसतो.

ट्रकच्या धंद्यात डिझेलइतका मोठा आणि रोजचा खर्च क्वचितच दुसरा असतो. लिटरमागे पाव किलोमीटर जास्त मिळालं तर गाडीचा हप्ता फेडणाऱ्या माणसाच्या महिन्यात फरक पडतो. म्हणून ‘असलं काही करू नका’ एवढं सांगून मोकळं होणं मला पटत नाही. ज्याने वहीत आकडे लिहिले आहेत त्याला उत्तरही आकड्यांतच मिळायला हवं.

लिटरभर डिझेलचा हिशेब

एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. विजेच्या मीटरच्या भाषेत ही साधारण १० युनिटं. ट्रकचं चांगलं आधुनिक इंजिन नीट भारावर चालत असेल तर त्यातली चार ते साडेचार युनिटं क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर मिळतात. बाकीची उष्णता होऊन जातात. मोठा वाटा सायलेन्सरमधून गरम वायूबरोबर, दुसरा रेडिएटरमधून, थोडा घर्षणात.

घरगुती कृती सांगणाऱ्यांचं म्हणणं बहुतेक वेळा एकच असतं: ‘डिझेल पूर्ण जळत नाही. हे टाकलं की पूर्ण जळेल.’ अ‍ॅसिटोन असो, रॉकेल असो की डांबरगोळी, पाया हाच. तेव्हा न जळता किती जातं ते आधी पाहू.

युरोपात १९९२ साली जड वाहनांच्या इंजिनांसाठी युरो-१ मर्यादा आल्या. क्रँकशाफ्टवर एक युनिट काम देताना मोठ्या इंजिनातून जास्तीत जास्त ४.५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड, १.१ ग्रॅम न जळलेले हायड्रोकार्बन आणि ०.३६ ग्रॅम काजळीचे कण बाहेर पडलेले चालत. तेवढं काम करायला इंजिन साधारण २०० ग्रॅम डिझेल खातं. आता त्या तिन्ही अर्धवट जळलेल्या गोष्टींमध्ये शिल्लक राहिलेली उष्णता मोजली आणि २०० ग्रॅम डिझेलच्या उष्णतेशी ताडून पाहिली, तर उत्तर येतं सव्वा टक्क्याच्या आसपास. म्हणजे तीस वर्षांपूर्वीचं, मर्यादेच्या अगदी काठावर असलेलं इंजिनसुद्धा पावणेनव्व्याण्णव टक्के डिझेल पुरतं जाळत होतं. युरो-६ इंजिनाच्या मर्यादा आहेत १.५, ०.१३ आणि ०.०१ ग्रॅम. तोच हिशेब तिथे लावला तर न जळलेला वाटा पाव टक्का निघतो.

हे असं का, तर डिझेल इंजिनात हवेची कमतरता नसते. एक किलो डिझेल जाळायला साडेचौदा किलो हवा पुरते. इंजिन पूर्ण भारावरही वीसेक किलो घेतं, आणि भार हलका असला की कितीतरी जास्त. इतक्या गरम आणि दाबलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो जळतोच. शेवटचा थेंबसुद्धा जाळून दाखवेल असं जादूचं मिश्रण सापडलं, तरी त्याला जुन्या इंजिनात जास्तीत जास्त सव्वा टक्का मिळेल आणि नव्यात पाव टक्का. दहा-पंधरा टक्के वाढ त्यातून निघू शकत नाही, कारण तेवढं डिझेल तिथे शिल्लकच नाही.

काळ्या धुराचं काय, असं इथे कुणीही विचारेल. काजळी डोळ्यांना फार मोठी दिसते, वजनाला फार थोडी असते. पण गाडी सतत काळा धूर ओकत असेल तर अ‍ॅव्हरेज खरंच पडलेलं असतं, हेही तितकंच खरं. ते पडतं धूर ज्या कारणाने येतो त्या कारणामुळे: टर्बो ते इंटरकूलरचा पाइप फाटलाय, एअर फिल्टर तुंबलाय, नोझल फवारा मारायच्या ऐवजी धार सोडतंय. अशा वेळी डिझेल उशिरा जळतं आणि त्याची उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी सायलेन्सरमधून निघून जाते. फाटलेला पाइप टाकीत काही ओतून सांधला जात नाही.

सीटेन नंबर आणि डांबरगोळी

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडल्यावर इंधन पेटतं, आणि ठिणगी पडायच्या आधी ते आपण होऊन पेटू नये अशी अपेक्षा असते. हा हट्टीपणा ऑक्टेन नंबरने मोजतात. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. तिथे इंधनाने गरम हवेला भिडताक्षणी आपण होऊन पेटावं लागतं. ही तत्परता सीटेन नंबरने मोजतात. म्हणजे पेट्रोलचा गुण हा डिझेलचा दोष, आणि उलटही. घरगुती कृतींमधले निम्मे घोळ या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतात.

सीटेनची मोजपट्टी बनवली तेव्हा दोन टोकांना दोन द्रव ठेवले गेले. चटकन पेटणारं हेक्साडेकेन, त्याला १०० गुण. पेटायला कमालीचं आळशी असलेलं अल्फा-मिथाइल नॅफ्थलीन, त्याला शून्य. (१९६२ पासून खालच्या टोकाला दुसरा द्रव वापरतात, पण पट्टी तीच राहिली.) नाव वाचून लक्षात आलं असेल, हे शून्य गुणांचं रसायन म्हणजे डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनचं सख्खं भावंड. डांबरगोळीची युक्ती पेट्रोलच्या जमान्यातून आली. पेट्रोलमध्ये नॅफ्थलीन ऑक्टेनला थोडा हात देत असेलही. डिझेलमध्ये ते इंधनाला शून्याकडे ओढतं. शिवाय हल्लीच्या पुष्कळ गोळ्या नॅफ्थलीनच्या नसतातच, पॅराडायक्लोरोबेन्झीनच्या असतात. त्यात क्लोरीन असतं. ते जळलं की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, आणि ते व्हॉल्व्ह, टर्बो आणि सायलेन्सर यांच्या संगतीला राहतं.

मग सीटेन वाढवणारं काही टाकलं तर? अशी रसायनं आहेत. सर्वांत जास्त वापरलं जातं ते टू-इथाइलहेक्झिल नायट्रेट. हजारात एक ते चार भाग टाकलं की सीटेन काही अंकांनी वर जातो. थंडीत इंजिन लवकर सुरू होतं, सुरुवातीची खडखड आणि पांढरा धूर कमी होतो. पण पेटण्याचा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या मापातला असतो, आणि कॉमन रेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक, जबर दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) मुख्य फवाऱ्याच्या आधी एक छोटा फवारा मारून तो आधीच आटोक्यात आणतं. इंजिनाला लागतो तेवढा सीटेन डिझेलमध्ये असेल, तर त्यापुढे वाढवल्याने अ‍ॅव्हरेजमध्ये मोजण्याजोगं काही हाती लागत नाही. आणि हे नायट्रेट उघड्या डब्यातून घरी हाताळायची वस्तू नाही. ते गरम झालं की आपण होऊन विघटन पावतं, तेही जोरात.

कृती एकेक करून

अ‍ॅसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असतं ते हेच. सांगितलं जाणारं माप हजारात दोन-तीन भाग. लिटरमागे अ‍ॅसिटोनची ऊर्जा डिझेलच्या दोन तृतीयांशाहूनही कमी, म्हणजे जितकं टाकाल तितकी टाकीतली एकूण ऊर्जा किंचित घटते. ते ५६ अंशांवर उकळतं. इंजेक्टरांकडून टाकीत परत येणारं डिझेल चांगलं गरम असतं, त्यामुळे टाकलेल्यातलं बरंचसं वाफ होऊन टाकीच्या श्वासनळीवाटे निघून जातं. रबराची गोष्ट त्याहून महत्त्वाची. इंधनाच्या वाटेवर ज्या ओ-रिंग आणि सील असतात त्या बहुधा नायट्राइल किंवा व्हायटॉन रबराच्या. डिझेलला दोन्ही दाद देत नाहीत. अ‍ॅसिटोनपुढे दोन्ही दुबळे. जुनी ओ-रिंग एका बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवून पाहा (उघड्यावर, विस्तवापासून लांब), सकाळी ती फुगलेली दिसेल. हजारात दोन भागांना इतका परिणाम लगेच होत नाही, हे मान्य. पण झाकणाने मोजणारा हात महिन्याभरात सैल होतो, आणि नीट न मिसळलेलं अ‍ॅसिटोन आधी कुठल्या सीलला भिडेल हे कुणाच्या हातात नसतं.

पेट्रोल. जुन्या इंजिनांच्या काही पुस्तिकांत कडाक्याच्या थंडीत थोडं पेट्रोल मिसळायची मुभा असे, कारण थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं. त्यावरून ‘पेट्रोलने पिकअप येतो’ ही समजूत आली असावी. पेट्रोलचा सीटेन १० ते २० च्या घरात. ते पातळ, वंगणाचा गुण कमी. मात्र मला भीती वाटते ती टाकीतल्या वाफेची. पेट्रोलच्या टाकीत वाफ इतकी दाट असते की तिला पेटायला पुरेशी हवाच मिळत नाही. डिझेलच्या टाकीत वाफ इतकी विरळ असते की ती सहसा पेटत नाही. डिझेलमध्ये थोडंसं पेट्रोल टाकलं की टाकीतली वाफ बरोबर या दोन्हींच्या मधल्या, पेटण्याजोग्या पट्ट्यात येते. युरोपच्या मानकाप्रमाणे डिझेलची वाफ ज्योतीला भिडून पेटायला डिझेल ५५ अंशांच्या वर तापलेलं असावं लागतं. पेट्रोलला उणे ४० पुरतं. ‘डिझेलचं काय, ते कुठे लगेच पेटतं’ या विश्वासाने जी गाडी वर्षानुवर्षं हाताळली जाते, तिच्याजवळ वेल्डिंग करणाऱ्याला टाकीत काय मिसळलंय हे माहीत नसतं.

रॉकेल डिझेलच्या जवळचं आहे, त्यामुळे इंजिन चालतं. पण ते हलकं. लिटरमागे ऊर्जा दोन-चार टक्के कमी आणि वंगणही कमी. ते स्वस्त पडलं म्हणून कुणी मिसळत असेल तर ती किमतीची गोष्ट झाली, अ‍ॅव्हरेजची नाही. पुष्कळ देशांत तो भेसळीचा गुन्हाही आहे.

टू-स्ट्रोक ऑइलबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण या कृतीच्या मुळाशी एक खरी अडचण आहे. डिझेल पंपाच्या आतले भाग डिझेलनेच भिजून, डिझेलच्याच वंगणावर चालतात. हवा स्वच्छ राहावी म्हणून डिझेलमधलं गंधक काढायला सुरुवात झाली तेव्हा त्या प्रक्रियेत गंधकाबरोबर धातूला चिकटून राहणारी काही संयुगंही निघून गेली. वंगण होतं ते त्यांचं. गंधक स्वतः वंगण नव्हे. स्वीडनमध्ये १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत असं अगदी कमी गंधकाचं डिझेल आलं आणि पंप झिजून निकामी होऊ लागले. त्या अनुभवावरून वंगणाची चाचणी ठरली. सहा मिलिमीटरची पोलादी गोळी डिझेलमध्ये बुडवलेल्या चकतीवर ७५ मिनिटं मागेपुढे घासायची आणि गोळीवर पडलेला घट्टा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. युरोपात तो ४६० मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही, अमेरिकेत ५२० पर्यंत चालतो. या चाचणीत पास होण्यासाठी इंधन पुरवणारे डिझेलमध्ये वंगण वाढवणारं रसायन आधीच मिसळतात. दोन टक्के बायोडिझेलनेही ते काम होतं.

म्हणून जुना रोटरी पंप आणि डिझेलचा भरवसा नाही, अशा ठिकाणी दोनशे भागांत एक भाग टू-स्ट्रोक ऑइल टाकणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. पंपाचा आवाज मऊ होतो असं तो म्हणत असेल तर तेही शक्य आहे. पण हा झिजेचा उपाय झाला. अ‍ॅव्हरेज त्याने वाढत नाही. आणि गाडीला डीपीएफ असेल, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारी जाळी असेल, तर हा उपाय बाधतो, कारण दुचाकीच्या टू-स्ट्रोक ऑइलमध्ये राख करणारी द्रव्यं असू शकतात.

राखेचा प्रश्न सगळ्यात वाईट रूपात दिसतो तो जळक्या ऑइलमध्ये. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल गाळून टाकीत ओतणं ही जुनी सवय. त्या ऑइलमध्ये कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस मिसळलेलं असतं, शिवाय झिजलेल्या धातूचे कण. इंजिन ऑइल जाळलं की वजनाच्या साधारण एक टक्का राख उरते. ४०० लिटरच्या टाकीत दोन टक्के, म्हणजे आठ लिटर ऑइल टाकलं तर त्याचं वजन झालं सात किलो आणि राख झाली ७० ग्रॅम. दहा टाक्यांमागे ७०० ग्रॅम. डीपीएफ तापवून काजळी जाळता येते, तिचा वायू होऊन जातो. राख जळत नाही. ती जाळीत बसते, मागचा दाब वाढवते, आणि इंजिनाला तो दाब ढकलायला जास्त डिझेल लागतं. ज्यासाठी ऑइल ओतलं त्याच्या बरोबर उलटं.

खाद्यतेलाचं नाव काढलं की १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनाचा दाखला दिला जातो. तिथे एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे खरं आहे. ते इंजिन सावकाश फिरणारं आणि जाड फवारा सहन करणारं होतं. ४० अंशांवर खाद्यतेल डिझेलच्या दहापट घट्ट असतं. आजच्या नोझलमधून त्याचा बारीक फवारा होत नाही. टोकावर कोळसा धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, आणि सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरलेलं तेल इंजिन ऑइलला डिंकासारखं करतं. मिथेनॉल आणि कॉस्टिक वापरून तेलाचं बायोडिझेल करता येतं, पण घरी केलेल्या बायोडिझेलमधून ग्लिसरीन आणि पाणी पुरतं काढणं हेच खरं कसबाचं काम. युरोपच्या मानकात सुट्या ग्लिसरीनची मर्यादा ०.०२ टक्के आहे. इतकं करूनही शुद्ध बायोडिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जा आठेक टक्के कमीच.

नोझलच्या आत

हातातल्या बाटलीवरून नजर काढून एकदा इंजेक्टरकडे न्यायला हवी. ट्रकच्या टायरमध्ये हवेचा दाब आठेक बार असतो. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब १६०० ते २५०० बार. नोझलची भोकं मिलिमीटरच्या एक ते दोन दशांश. आतली सुई आणि तिची नळी यांच्यामधली फट दोन-चार मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही कमी. कापडातून गाळलेलं कोणतंही मिश्रण या फटीच्या दृष्टीने खडी असतं.

आणि कणच हवेत असंही नाही. डिझेल इंजेक्टर किती लवकर घाण धरतात हे तपासायची युरोपात एक प्रमाणित इंजिन चाचणी आहे. त्यात नोझल मुद्दाम खराब व्हावेत म्हणून डिझेलमध्ये विरघळणारं जस्त टाकतात. किती? दहा लाखांत एक भाग. एवढ्याने तासांच्या हिशेबात भोकं आकसून इंजिनाची ताकद घटलेली दिसते. आता घरगुती मिश्रण कशात ढवळतात ते आठवा. पत्र्याची बादली, जस्ताचा मुलामा दिलेला डबा, पितळी नळ. डिझेल बराच काळ अशा भांड्यात राहिलं, त्यातून ते थोडं आम्लधर्मी झालं की जस्त आणि तांबं त्यात उतरतं. तांब्याने तर डिझेल लवकर विटतं. म्हणजे मिश्रणातलं द्रव्य निरुपद्रवी असलं तरी त्याचं भांडं नोझलला मारू शकतं.

याच चाचणीची दुसरी बाजूही सांगतो. असे घाण धरलेले इंजेक्टर चांगल्या डिटर्जंट अ‍ॅडिटिव्हने पुन्हा बऱ्यापैकी साफ होतात, हे तिथेच दिसतं. टाकीत ओतून अ‍ॅव्हरेज वाढल्याचा प्रामाणिक अनुभव येऊ शकतो तो इथे. मात्र ते हरवलेलं परत मिळणं आहे. नोझल स्वच्छ असलेल्या गाडीत तीच बाटली ओतली तर मिळवण्यासारखं काही उरलेलं नसतं. इंजेक्टरचा संशय असेल तर इंजिन बनवणाऱ्याने मान्य केलेलं, राख न सोडणारं अ‍ॅडिटिव्ह, सांगितलेल्या मापात वापरावं. दुप्पट टाकून दुप्पट साफ होत नाही.

मग वहीतला आकडा वाढला कसा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे ड्रायव्हरचा प्रामाणिकपणा आणि इंजिनाचं शास्त्र, दोन्ही एकाच वेळी खरे ठरतात.

टाकी फुल्ल ते फुल्ल असं मोजलं जातं. पण फुल्ल म्हणजे नक्की किती? गाडी किंचित तिरकी उभी असली, फेस लवकर आला, नळी आधी बंद झाली, तर मोठ्या टाकीत पाच-सहा लिटरचा फरक सहज पडतो. फेरीत २०० लिटर लागलं असेल तर हाच फरक अडीच-तीन टक्के झाला.

डिझेल तापलं की फुगतं. दर दहा अंशांमागे सुमारे ०.८ टक्के. दुपारी तापलेलं ३०० लिटर आणि पहाटेचं गार ३०० लिटर यांत १५ अंशांचा फरक धरला तर साडेतीन लिटरहून जास्त डिझेल फक्त कागदावर कमी-जास्त होतं. हवेचं तर याहून मोठं. गार हवा दाट असते. १५ अंशांनी हवा तापली की ती पाचेक टक्के विरळ होते, आणि हमरस्त्यावर वेगात जाणाऱ्या ट्रकची जवळजवळ निम्मी ताकद हवा कापण्यात जात असल्याने डिझेल दोन-अडीच टक्के कमी लागतं. थंडीच्या शेवटी अ‍ॅसिटोन सुरू केलं आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला वही पाहिली, तर वाढ दिसणारच. श्रेय जातं बाटलीला.

यात वाऱ्याची दिशा, मालाचं वजन, रस्त्यावरची गर्दी, टायर झिजत जाणं मिळवा. झिजलेला टायर नव्यापेक्षा हलका लोळतो, त्यामुळे काही महिन्यांत अ‍ॅव्हरेज आपोआप किंचित सुधारतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ज्याने बाटली ओतली आहे त्याचा पाय. आकडा पाहायचा आहे हे मनात असलं की माणूस नकळत सावकाश वेग घेतो, लांबूनच पाय काढतो. अ‍ॅव्हरेज खरंच वाढतं. ते त्याच्या पायाने वाढवलेलं असतं.

खरं-खोटं करायचं असेल तर पद्धत आहे. अमेरिकेतल्या एसएई संस्थेची जे-१३२१ नावाची चाचणी याचसाठी आहे. दोन सारखे ट्रक घ्यायचे. दोघांनी एकाच वेळी, एकाच रस्त्यावर, तितकाच माल घेऊन जायचं. डिझेल सुट्या टाकीत भरून फेरीआधी आणि फेरीनंतर ती टाकी वजन करायची. लिटर नाही, किलो. दोघांच्या खपाचं गुणोत्तर काढायचं. निदान तीन फेऱ्यांची गुणोत्तरं एकमेकांशी जवळून जुळली तरच ती धरायची. मग एकाच ट्रकमध्ये मिश्रण टाकून सगळं पुन्हा करायचं. वारा, ऊन, गर्दी दोघांनाही सारखी लागते, त्यामुळे गुणोत्तरात उरतो तो मिश्रणाचा परिणाम. ज्यांच्याकडे दोन गाड्या एकाच मार्गावर आहेत त्यांना याची साधी आवृत्ती जमण्यासारखी आहे. ड्रायव्हरांना कुठल्या गाडीत काय टाकलंय ते सांगू नका, एवढं मात्र पाळा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९७० च्या दशकापासून इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त साधनं आणि मिश्रणं तपासली आहेत, आणि ठळक फायदा देणारं त्यांना काही सापडलं नाही.

डिझेल खरं जातं कुठे

हे भराभर सांगता येतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ताशी ८० वरून ९० ला गेलात की तो २७ टक्क्यांनी वाढला. सगळ्या टायरांत हवा १० पौंडांनी कमी असेल तर साधारण एक टक्का डिझेल जास्त लागतं. उभ्या गाडीचं मोठं इंजिन तासाला तीनेक लिटर पितं. रोज चार तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ३०० लिटर, ४०० लिटरची पाऊण टाकी, एक किलोमीटरही न जाता. ब्रेक अडकून घासत असेल तर त्या चाकाचा ड्रम बाकीच्यांपेक्षा तापलेला असतो; थांबल्यावर हात न लावता जवळ धरला तरी कळतं. अलाइनमेंट, टर्बोच्या पाइपांचे क्लॅम्प, एअर फिल्टर. यातलं प्रत्येक काम बाटलीपेक्षा कंटाळवाणं आहे आणि प्रत्येकाने मिळणारा फायदा मोजता येतो.

टाकीत काही चुकीचं आधीच ओतून झालं असेल, विशेषतः पेट्रोल, अ‍ॅसिटोन किंवा पाणी मिसळलेलं काही, तर इंजिन सुरू करू नका. चावी फिरवून नुसती ‘ऑन’ही करू नका, कारण बऱ्याच गाड्यांत तेवढ्याने टाकीतला पंप चालू होऊन मिश्रण पुढे ढकलतो. टाकी उपसायला जो माणूस बोलवाल त्याला काय आणि किती ओतलंय ते खरं सांगा. त्याच्या सुरक्षेसाठी ते लागतं.

आणि मिश्रणात घालणार होता तो वेळ आठवड्यातून एकदा वॉटर सेपरेटरला, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरला द्या. खालचा नळ सोडून पारदर्शक बरणीत थोडं डिझेल घ्या, दहा मिनिटं स्थिर ठेवा, उजेडासमोर धरा. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. त्या थराच्या सीमेवर तपकिरी, बुळबुळीत काही तरंगत असेल तर टाकीत जिवाणू-बुरशी वाढली आहे. काळे कण दिसले तर टाकी आतून धुवायची वेळ झाली. बरणीतलं डिझेल आरपार स्वच्छ असेल, तर झाकण लावून फेरीला निघा.